पुण्यात चोऱ्या वाढल्या, फूटपाथवर राहणारेही वाढले; मग महापालिका आमच्या कराचे करते काय? आधी या लोकांना हटवायला नको का?

चोऱ्या वाढल्या हे तुमचे म्हणणे मला मान्य आहे आणि महापालिकेच्या खर्चाला ताळतंत्र नाही हेही मान्य आहे. परंतु ‘आधी या लोकांना हटवा’ हे वाक्य मी आमच्या गृहनिर्माण संस्थेच्या सभेत शब्दशः ऐकलेले आहे आणि ते अमलात आल्यावर काय झाले तेही पाहिलेले आहे, म्हणून हे उत्तर. मी पुण्यात राहत नाही; पश्चिम महाराष्ट्रातल्याच एका मध्यम आकाराच्या शहरात राहतो. शहराचे नाव मुद्दाम घेत नाही, कारण आमच्या संस्थेतली मंडळीही इथे वाचत असतात.

आमच्या इमारतीच्या मागच्या भिंतीला लागून फूटपाथवर परभणीकडचे एक कुटुंब राहत असे. नवरा, बायको, दोन मुले आणि नवऱ्याची म्हातारी आई. तो सकाळी मजूर अड्ड्यावर जाऊन उभा राहायचा आणि कोणी नेले तर बांधकामावर जायचा. ती धुणीभांडी करायची आणि तिच्या कामांतले एक घर आमच्याच इमारतीत तिसऱ्या मजल्यावर होते. रात्री भिंतीतल्या खिळ्यांना निळी ताडपत्री बांधली जाई आणि सकाळी झाडूवाल्या मावशी येण्याच्या आत ती घडी होऊन पत्र्याच्या पेटीवर ठेवलेली असे.

त्याच सुमारास आमच्या गल्लीत मारुतीच्या ईको गाड्यांचे सायलेन्सर चोरीला जाऊ लागले. करोनाच्या काळात आणि त्यानंतर पुण्यातही अशा चोऱ्या झाल्या होत्या, तेव्हा तुम्हाला हा प्रकार ठाऊक असेल. सायलेन्सरला जोडलेल्या कॅटॅलिटिक कन्व्हर्टरमध्ये प्लॅटिनम, पॅलेडियम आणि ऱ्होडियम हे महागडे धातू अत्यल्प प्रमाणात असतात. चोराला हवे असतात ते तेच, लोखंडाचा नळकांडा नव्हे. आता ही चोरी करायची तर गाडीखाली शिरून अंधारात नटबोल्ट सोडवता आले पाहिजेत, माल न्यायला वाहन पाहिजे आणि या धातूंची किंमत जाणणारा गिऱ्हाईक आधीच ठरलेला पाहिजे. ज्या माणसाला दोन कळशा पाण्यासाठी आमच्या वॉचमनची मनधरणी करावी लागत होती तो पॅलेडियमचा व्यापार करतो, असे आमच्या त्या वेळच्या अध्यक्षांना अगदी मनापासून वाटत होते. गृहस्थ सेवानिवृत्त अभियंते आहेत, संस्थेच्या पाण्याच्या टाकीचे काम त्यांनी उन्हात उभे राहून चोख करून घेतले होते. पण माणसांविषयी त्यांचे निष्कर्ष आधी तयार असत आणि पुरावे मागाहून येत.

त्या कुटुंबाला हटवावे म्हणून महापालिकेच्या अतिक्रमण विभागाला अर्ज करायचा ठराव संस्थेच्या सभेत आला. मी एवढेच विचारले की, संशय असेल तर पोलीस ठाण्यात फिर्याद द्यावी, अतिक्रमण विभागाला अर्ज कशासाठी? त्यावर अध्यक्ष म्हणाले, ‘एवढा कळवळा आहे तर साहेब, तुमच्याच घरी ठेवून घ्या त्यांना.’ सभा हसली. त्या वेळी मला चटकन उत्तर सुचले नाही, ते आता इथे लिहितो. मी त्यांना घरी ठेवून घेणार नाही, कारण ते माझे काम नाही. ज्या महापालिकेला मी दरवर्षी मालमत्ता कर देतो तिचे ते काम आहे, आणि ती ते करत नसेल तर अर्ज त्यासाठी करायचा असतो.

एके दिवशी सकाळी अतिक्रमणची गाडी आली. ताडपत्री, भांडी, अंथरुणे आणि ती पत्र्याची पेटी गाडीत भरली गेली. पेटीत सगळ्यांची आधार कार्डे आणि धाकट्या मुलाचे लसीकरणाचे कार्ड होते. मुलाची आई तेव्हा तिसऱ्या मजल्यावर भांडी घासत होती. तिला निरोप मिळून ती खाली येईपर्यंत गाडी गेलेली होती. पुढे पेटी सोडवून आणायला दंड भरावा लागला आणि तो ज्या बाईंकडे ती कामाला होती त्यांनी भरला. ते कुटुंब थोडे पुढे उड्डाणपुलाखाली जाऊन राहिले, म्हणजे शहरातून एकही बेघर कमी झाला नाही.

त्यानंतर आमच्या फूटपाथवर नवे पेव्हर ब्लॉक बसले, कुंड्या आल्या, दोन बाक आले. हे करताना ठेकेदाराच्या माणसांनी पथदिव्यांची केबल तोडली आणि मागच्या रस्त्यावरचे तीन खांब बंद पडले. फूटपाथचे काम एका विभागाचे आणि दिव्यांचे दुसऱ्या, त्यामुळे केबल कोणी जोडायची यावर पत्रव्यवहार सुरू झाला आणि रस्ता अंधारात राहिला. त्याच अंधारात आणखी एका ईकोचा सायलेन्सर गेला. मी सोमवारी महापालिकेच्या कार्यालयात जाऊन त्या कामाची फाइल पाहिली. मी आयुष्यभर हिशेब तपासण्याचे काम केले आहे, त्यामुळे पूर्वगणनपत्रक, म्हणजे कामाच्या खर्चाचा आधी मांडलेला तपशीलवार अंदाज, कसे वाचायचे हे मला कोणी शिकवावे लागत नाही. जुने ब्लॉक उखडणे, राडारोडा वाहून नेणे, नवे ब्लॉक, कुंड्या, बाक, असे सगळे त्यात ओळीने होते. दिव्यांसाठी एक रुपयाही नव्हता. अध्यक्षांना मी हे सांगितले तेव्हा ते म्हणाले की, निदान परिसर तरी स्वच्छ दिसतो.

आता तुमच्या पुण्याकडे वळतो. पोलीस महापालिकेच्या हाताखाली नसतात, ते राज्याच्या गृह खात्याचे असतात; त्यामुळे गस्त कमी आहे ही तक्रार पोलीस आयुक्तालयात करावी आणि दिवे बंद आहेत ही महापालिकेत. दोन्ही तक्रारी एकाच कागदावर लिहिल्या की दोन्हीकडून कागद परत येतो. पुणे महापालिकेचे २०२५-२६ चे अंदाजपत्रक १२,६१८ कोटींचे होते, आदल्या वर्षीचे ११,६०१ कोटींचे. एवढ्या रकमेत बेघरांच्या निवाऱ्यांना पैसे नाहीत असे कोणी म्हणाले तर विश्वास ठेवू नका. सर्वोच्च न्यायालयाने २०१० मध्ये लाखभर लोकसंख्येमागे एक, चोवीस तास उघडा निवारा असावा असे सांगितले आणि केंद्राच्या शहरी उपजीविका अभियानाने शंभर माणसांच्या निवाऱ्याचे तेच माप धरले. २०११ च्या जनगणनेत पुण्याची लोकसंख्या ३१ लाखांवर होती, म्हणजे त्या जुन्या मोजणीनेही तीसएक निवारे हवेत. तेवढे नाहीत. आणि जे असतात त्यांत बहुधा बाया एकीकडे, बाप्ये दुसरीकडे अशी सोय असते, सामान ठेवायला जागा नसते आणि पहाटे मजूर अड्डा गाठायचा तर भाडे खर्च करावे लागते. मग कुटुंबे तिथे जात नाहीत आणि अहवालात ‘लाभार्थींचा प्रतिसाद नाही’ असे लिहिले जाते.

डिसेंबर २०२४ मध्ये वाघोलीला केसनंद फाट्याजवळ मध्यरात्री एका डंपरने फूटपाथवर झोपलेल्या मजुरांना चिरडले. तिघे गेले, त्यांत दोन लहान मुले होती. माणसे अमरावतीकडून कामासाठी आलेली होती. वाघोली २०२१ मध्येच तुमच्या महापालिकेत आलेली आहे. शहरातल्या गुन्ह्यांचा विचार करताना हे प्रकरणही मोजावे, कारण बेघर माणूस गुन्हेगार असल्याची चर्चा फार होते आणि त्याच्यावर काय गुदरते याची फारच कमी.

‘हटवा’ म्हणणाऱ्यांच्या हातात कायदाही आहे, हे सांगून ठेवतो. १९५९ च्या मुंबई भिक्षा प्रतिबंधक अधिनियमाखाली पोलीस वॉरंटशिवाय पकडू शकतात आणि न्यायालय पहिल्याच वेळी एक ते तीन वर्षे भिक्षेकरी गृहात पाठवू शकते. दिल्लीत याच कायद्यातल्या भीक मागण्याला गुन्हा ठरवणाऱ्या तरतुदी तिथल्या उच्च न्यायालयाने २०१८ मध्ये घटनाबाह्य ठरवल्या. महाराष्ट्रात तो चालू आहे. मजुरीवर जगणाऱ्या कुटुंबाला तो लावणे हा निव्वळ अन्याय आहे, असे माझे स्पष्ट मत आहे.

खर्चाचा राग मात्र सोडू नका. कार्यालयात जाऊन अर्जाशिवाय फाइल पाहण्याची सोमवारी दुपारी ३ ते ५ ही वेळ मुळात पुणे महापालिकेनेच सुरू केली होती. राज्य शासनाने २०१८ मध्ये ती इतरत्र लागू केली म्हणून आमच्यासारख्यांना तिचा लाभ झाला. ती तुमच्याकडे अजून चालू आहे का ते विचारा. तुमच्या रस्त्याच्या कामाचे पूर्वगणनपत्रक आणि झालेल्या कामाची मापे नोंदलेले मोजमाप पुस्तक मागा, आणि एका शीर्षकाखालची रक्कम वर्षअखेरीस ‘वर्गीकरण’ करून दुसरीकडे नेली आहे का ते पाहा. मालमत्ता करावरून आवाज चढवण्यापूर्वी स्वतः राहत्या घरावरची ४० टक्के सवलत आपण घेतली आहे का, तेही पाहून घ्या. आरडाओरडा करणारे बरेचजण त्या सवलतीचा अर्जच भरत नाहीत.

हे सगळे लिहिले म्हणजे फूटपाथवरचा प्रत्येक माणूस साधुसंत आहे असे मी म्हणत नाही. नशा करून मोबाइल हिसकावणारी पोरे असतात, रात्री एकट्या बाईला त्या रस्त्याने जाताना भीती वाटते, आणि ती भीती खोटी नाही. आमच्या सौभाग्यवतीही अंधार पडला की पुढच्या रस्त्याने येतात. आमच्याकडच्या त्या कुटुंबाने काहीच घेतले नव्हते, हेही मी शपथेवर सांगू शकत नाही, कारण सायलेन्सरचा चोर शेवटपर्यंत सापडला नाही. परंतु अशा वेळी नाव घेऊन फिर्याद द्यावी, म्हणजे तपास तरी होतो.

आणि तुमच्या संस्थेत असा ठराव आला तर नुसते बोलून खाली बसू नका. विरोध लेखी द्या, त्यावर पोच घ्या आणि इतिवृत्ताची सहीशिक्क्याची प्रत लगेच मागून घ्या. आमच्या वहीत तो ठराव ‘सर्वानुमते मंजूर’ म्हणून नोंदलेला आहे. मी दुरुस्तीसाठी पत्र दिले, पुढच्या सभेत विषय काढला. अध्यक्ष बदलले, सचिव बदलले, पण ती ओळ अजून तशीच आहे.