५८ जणांच्या ग्रुपमधून कुणीच आलं नाही

"मॅडम, वेळेला कुणी नसतं हो." समुपदेशन करताना हे वाक्य मी आठवड्यातून एकदा तरी ऐकते. म्हणून ही केस सांगतेय, ओळख पटेल असं सगळं बदलून.

चिंचवडचे गृहस्थ, वय ४६. वडिलांना मध्यरात्री स्ट्रोक आला, थेट आयसीयू, आणि सकाळपर्यंत दोन लाख भरा. तळेगावला प्लॉट, दारात गाडी, वडिलांच्या एकट्याच्या नावावर एफड्या, आणि ह्यांच्या खात्यात अठरा हजार. प्लॉट काय रातोरात विकला जातो का! एफडीला हे नॉमिनी होते, पण नॉमिनीचा उपयोग माणूस गेल्यावर, इथे वडील होते पण सही करू शकत नव्हते. "सातबाऱ्याचा फोटो काउंटरवर दाखवत होतो मॅडम, भिकाऱ्यासारखा."

पहाटे ३:४० ला दहावीच्या ग्रुपवर मेसेज टाकला. खाली हात जोडलेले इमोजी, 'काळजी घे रे', बस. शेवटी बायकोच्या पाटल्या गहाण पडल्या. वडील वाचले, पण ह्यांनी आठ महिने सगळ्यांशी बोलणं टाकलं. "असतील शिते तर जमतील भुते, कळलं मला."

पहिल्या तीन भेटीत मी नुसतं ऐकलं. घाई केली की माणूस मिटतो, हे इतक्या वर्षांत पक्कं कळलंय मला. चौथ्या वेळी तो मेसेज मोठ्याने वाचायला सांगितला.

"बाबा सिरियस आहेत, मदत लागेल."

"ह्यात कुणाचं नाव आहे?"

"नाही."

"किती पैसे, कुठलं हॉस्पिटल?"

बराच वेळ अंगठा स्क्रीनवरून खालीवर फिरत राहिला, मग एकदम डोळे भरले. "ग्रुपवर मागितलंच नाही मी. लाज वाटली."

मला तिथेच गाठ सापडली. दुखणं मित्रांनी सोडल्याचं होतं, पण मुळाशी होती ती मागण्याची लाज. १९६८ मध्ये डार्ली आणि लाताने ह्यांनी एक प्रयोग केला होता, इंटरकॉमवर एकाला फिट आल्याचा आवाज ऐकवला. ऐकणाऱ्याला वाटलं आपण एकटेच आहोत, तर ८५ टक्के लोक मदतीला धावले, आणखी चौघं ऐकतायत असं वाटलं तर फक्त ३१. इथे तर ५८ जण, प्रत्येकाला वाटलं दुसरा गेला असेल.

म्हणून मी सगळ्यांना सांगते, अडचणीत ग्रुपवर टाकू नका, एकेकाला फोन करा, आकडा सांगा, कुठे यायचं ते सांगा, परत कधी देणार तेही. आणि आईवडील धडधाकट असतानाच त्यांच्या सेव्हिंग खात्याला आपलं नाव जॉइंट लावून घ्या, दोघांपैकी कुणालाही पैसे काढता येतील असं. तीन-चार महिन्यांचा खर्च लगेच हाताशी येईल असा ठेवा, जमीन नंतर घ्या. हे बोलायला अवघड जातं, माहितीये मला, तरी बोला.

पुढच्या आठवड्यात त्यांनी तिघांना फोन केले. एकजण म्हणाला, "अरे मला वाटलं आकुर्डीवाले पोचले असतील," आणि फोनवरच रडला.

चौथ्याला मात्र त्यांनी केला नाही. त्याला त्या पहाटे ह्यांनी खरंच नाव घेऊन, रक्कम सांगून मागितले होते, तो 'निघतो' म्हणाला आणि फोन बंद करून बसला. त्याच्याबद्दल मी काहीच समजावलं नाही, ते दुखणं खरंच आहे. त्यावर अजून बोलतोय आम्ही.