कूलर लावला की पट्टी ऐकत नाही

प्रश्न : मुलगी दहावी झाली. रास्पबेरी पाय या छोट्या कॉम्प्युटरला चार माइकचा बोर्ड जोडून तिने ‘दिवा’ म्हटलं की एलईडी पट्टी लागेल असं केलंय. पण कूलर सुरू असला की चालत नाही, अन् आजी ‘देवा’ म्हणाली तरी लागते. यात पुढे काही आहे, की अकरावी सायन्सच बरं? (एक पालक, दारव्हा तालुका)

उत्तर : आधी कूलरचं बघू, करिअरचं उत्तर त्यातच आहे.

माइक चार असले म्हणून बोर्ड आपोआप नीट ऐकत नाही. शब्द ओळखणारे प्रोग्रॅम बहुधा एकाच चॅनलचा, म्हणजे एकाच माइकचा आवाज घेतात, सेकंदाला 16,000 नमुने, म्हणजे आवाजाची तेवढी मोजमापं. बाकीचे तीन माइक नुसते बसून. दोन माइकमध्ये 6 सेंमी अंतर धरा. बाजूने आलेला आवाज दुसऱ्या माइकला फार तर 175 मायक्रोसेकंद उशिरा पोचतो, म्हणजे तीन नमुन्यांहून कमी. एवढ्याशा फरकावरून दिशा ओळखून बोलणाऱ्याचा आवाज उचलायचा अन् कूलरचा दाबायचा, हे बीमफॉर्मिंग. ते तिने स्वतः लिहून बघावं. तोवर बोर्ड कूलरपासून लांब ठेवा, कोपऱ्यात मात्र नको, तिथे आवाज घुमतो.

आजीची चूक नाही, शब्दच तोकडा आहे. ‘चांदणीबाई’सारखी चार-पाच अक्षरी हाक घ्या. प्रोग्रॅमला शिकवायला रेकॉर्ड केलेल्या हाका आजीच्या, लहान भावंडांच्या आवाजातही हव्यात. काही तीन मीटरवरून, काही कूलर सुरू ठेवून. मग वहीत मांडा : 100 हाकांना किती वेळा लागली, रात्रभरात विनाकारण किती वेळा.

पट्टीला वीज रास्पबेरी पायच्या पिनवरून देत असेल तर थांबवा. डब्ल्यूएस 2812 बी जातीच्या पट्टीतला एक एलईडी पूर्ण पांढऱ्यावर सुमारे 60 मिलिअँपिअर खातो. 30 एलईडी म्हणजे 1.8 अँपिअर, अन् रास्पबेरी पाय मधेच रीस्टार्ट. वेगळा 5 व्होल्ट, 3 अँपिअरचा सप्लाय घ्या, ग्राउंड, म्हणजे उणे वायर, दोन्हींची एकच. लाइट अचानक गेली की मेमरी कार्ड बिघडतं, म्हणून त्याची प्रत काढून ठेवा. घरच्या 230 व्होल्टला सध्या हात नको.

आता प्रवेशाचं. माझा कौल डिप्लोमाला. तो 3 वर्षांचा, दहावीच्या गुणांवर मिळतो, अन् पुढे इंजिनिअरिंगच्या थेट दुसऱ्या वर्षाला जाता येतं. यवतमाळ, अमरावतीला शासकीय तंत्रनिकेतनं आहेत. इलेक्ट्रॉनिक्स अँड टेलिकम्युनिकेशन शाखा कुठे आहे ते प्रवेशाच्या यादीत पाहून पसंतीक्रम भरा. त्या 175 मायक्रोसेकंदांच्या गणितातच ती जास्त रमत असेल, तर अकरावी सायन्स अन् एमएचटी-सीईटी. एम्बेडेडच्या, म्हणजे यंत्रात बसणाऱ्या अशा छोट्या कॉम्प्युटरवरच्या कामाच्या, नोकऱ्या बहुतेक पुणे-बंगळुरूकडे. मुलीला तिकडे पाठवायची तयारी आहे का, हे फॉर्म भरण्याआधी घरात बोलून घ्या.