‘द वॉर ऑफ द रोहिरिम’ या अ‍ॅनिमेशनपटाची टॉल्किनचे चाहते एवढ्या आतुरतेने का वाट पाहत होते?

मुख्य कारण म्हणजे लेखक टॉल्किनने या कथेला ‘द लॉर्ड ऑफ द रिंग्ज’ या आपल्या कादंबरीच्या परिशिष्टात जेमतेम काही पाने दिली होती, आणि ती वाचलेल्या प्रत्येकाच्या मनात रोहान या काल्पनिक राज्याचा राजा हेल्म हॅमरहँड कायमचा घर करून बसला होता. आपला मुलगा वुल्फ याच्यासाठी हेल्मच्या मुलीचा हात मागायला आलेल्या फ्रेका या सरदाराला हेल्म दरबारातील सभा संपल्यावर बाहेर नेतो आणि एकाच ठोशात गारद करतो. त्या घावाने फ्रेकाचा जीव जातो आणि पुढे वुल्फ सूड उगवण्यासाठी सैन्य घेऊन चालून येतो. वुल्फच्या सैन्याने हेल्मला किल्ल्यात वेढले, तेव्हा त्या भीषण हिवाळ्यात हेल्म एकटाच शत्रूच्या छावणीत शिरत असे आणि अखेरीस तो उभ्या उभ्या गोठलेला सापडला. हा प्रसंग पडद्यावर कसा दिसेल, याची उत्सुकता मलाही खूप होती.

ज्या राजकन्येवरून हे सारे घडते, तिला टॉल्किनने नावसुद्धा दिलेले नाही. चित्रपटाने तिला हेरा हे नाव देऊन कथेच्या केंद्रस्थानी आणले आणि हा निर्णय मला योग्य वाटतो, कारण मूळ कथेत खरी मोकळी जागा तिथेच होती.

2021 मध्ये घोषणा झाल्यापासून डिसेंबर 2024 मधील प्रदर्शनापर्यंत अपेक्षा वाढत गेल्या, त्या दिग्दर्शक केंजी कामियामा यांच्या अ‍ॅनिमे शैलीमुळे आणि निवेदनासाठी परतलेल्या मिरांडा ऑटो, म्हणजेच ‘द लॉर्ड ऑफ द रिंग्ज’च्या आधीच्या चित्रपटांत एओविन ही व्यक्तिरेखा साकारणाऱ्या अभिनेत्री, यांच्या आवाजामुळे.