एमएसडब्ल्यू (समाजकार्यातली मास्टर्स पदवी) करताना व्यसनमुक्ती समुपदेशनाची इंटर्नशिप कुठे करावी? पुढे लायसन्स लागतं का, आणि त्याची तयारी कशी करायची?

तुम्ही लिहिलंय की एमएसडब्ल्यूचं दुसरं वर्ष चालू आहे, ब्लॉक प्लेसमेंट (म्हणजे सलग पूर्णवेळ फिल्डवर्क) व्यसनमुक्ती केंद्रात करायचंय, आणि टेक्सासमधला मामेभाऊ म्हणतो की लायसन्स नसेल तर या कामाला काही अर्थ नाही. मी याच क्षेत्रात समुपदेशक आहे आणि फिल्डवर्कची मुलं माझ्याकडे येत असतात, म्हणून जरा सविस्तर लिहिते.

मामेभावाचं चूक नाही, पण तो तिकडचं सांगतोय. टेक्सासमध्ये या कामासाठी राज्याचं लायसन्स असतं. आधी इंटर्न म्हणून नोंद करायची, मग पर्यवेक्षणाखाली ४००० तास काम आणि परीक्षा (संबंधित विषयात मास्टर्स केलेल्यांना तासांत सूट मिळते). आपल्याकडे ‘व्यसनमुक्ती समुपदेशक’ असं वेगळं सरकारी लायसन्स नाही. क्लिनिकल सायकॉलॉजिस्टची नोंदणी आरसीआयकडे, म्हणजे भारतीय पुनर्वास परिषदेकडे होते. सायकिअॅट्रिक सोशल वर्कर म्हणवून घ्यायचं तर मानसिक आरोग्य सेवा कायदा २०१७ नुसार एमएसडब्ल्यूवर दोन वर्षांचं पूर्णवेळ एमफिल हवं. नुसत्या एमएसडब्ल्यूवर तुम्ही समुपदेशक म्हणून नोकरी करू शकता, पण त्या कायद्याच्या भाषेत ‘मानसिक आरोग्य व्यावसायिक’ होत नाही. हा फरक नोकरीच्या मुलाखतीतसुद्धा बऱ्याच जणांना सांगता येत नाही. २०२१ च्या अलाइड अँड हेल्थकेअर प्रोफेशन्स कायद्यानं समुपदेशक आणि वैद्यकीय समाजकार्यकर्तेही नोंदणीच्या चौकटीत आणलेत, तेव्हा त्या कायद्याखालच्या राज्य परिषदेच्या सूचनांवर नजर असू द्या.

म्हणून माझं मत सरळ आहे: आत्ता लायसन्सच्या मागे धावू नका, सुपरव्हायजर शोधा. केंद्राचं नाव, इमारत, भिंतीवरचे सत्काराचे फोटो यातलं काहीही उपयोगाचं नाही. फोन करून विचारा, आठवड्यातून एकदा माझ्या केसेसवर माझ्याशी कोण बसेल? “इथे सगळेच मार्गदर्शन करतात” असं उत्तर आलं तर समजून जा, कुणीच करत नाही. तुमचा सगळा महिना औषधांच्या फायली लावण्यात आणि व्यसनमुक्ती दिनाची पोस्टरं रंगवण्यात जाईल.

दुसरं विचारायचं ते केंद्राच्या नोंदणीबद्दल. २०१७ च्या कायद्यात दारू-ड्रग्जच्या गैरवापराशी जोडलेल्या मानसिक अवस्था मानसिक आजाराच्या व्याख्येतच येतात. त्यामुळे व्यसनी माणसांना दाखल करून घेणाऱ्या केंद्राला मानसिक आरोग्य आस्थापना म्हणून नोंदणी करावी लागते. रुग्णाला गाडीत घालून उचलून आणणारी केंद्रं आहेत, आणि घरचेच फोन करून बोलावतात. कायद्यात कलम ८९ खाली इच्छेविरुद्ध दाखल करण्याची सोय आहे, पण तिला मुदत आहे, दोन तज्ज्ञांची स्वतंत्र तपासणी आहे. कलम ९५ प्रमाणे साखळीनं बांधणं तर सरळ बंद आहे. असं काही दिसलं तर प्रमाणपत्रासाठी गप्प बसू नका, कॉलेजच्या फिल्डवर्क कोऑर्डिनेटरला त्याच दिवशी कळवा.

पुण्याचं मुक्तांगण व्यसनमुक्ती केंद्र १९८६ सालचं, सगळ्यांना ठाऊक आहे, त्यामुळे अर्जांची रांगही तिथेच लागते. तिथे जमलं तर उत्तमच. नाही जमलं तर केंद्र सरकारच्या अनुदानावर चालणारं जिल्ह्यातलं केंद्र (कागदावर त्याला आयआरसीए म्हणतात) किंवा मेडिकल कॉलेजचा मनोविकार विभाग पाहा. विभागात डिटॉक्स (औषधं देऊन दारू सुरक्षितपणे सोडवणं) जवळून दिसतं, केंद्रात घरचे लोक आणि फॉलोअप.

इनटेकच्या, म्हणजे नव्या रुग्णाची माहिती घेतात त्या टेबलाशी बसायला मिळालं तर ती संधी सोडू नका. समोर गृहस्थ, शेजारी बायको, मागे मेहुणा. “किती घेता?” “थोडीशीच, एखादी क्वार्टर.” बायको खाली बघते. आता ऑडिट ही प्रश्नावली घ्या, जागतिक आरोग्य संघटनेची, दहा प्रश्नांची. दुसरा प्रश्न विचारतो, पिता त्या दिवशी साधारण किती ड्रिंक होतात? तिथलं एक ड्रिंक म्हणजे १० ग्रॅम अल्कोहोल. १८० मिलीची क्वार्टर, ४२.८ टक्क्यांची, म्हणजे जवळपास ६० ग्रॅम. ‘एखादी’ची सहा ड्रिंक झाली. विद्यार्थी ‘एक किंवा दोन’वर खूण करतात आणि पुढे स्कोअर इतका कमी कसा आला म्हणून चक्रावतात.

त्याहून महत्त्वाचा प्रश्न: “शेवटची कधी घेतली?” उत्तरात ‘काल’ लिहून भागत नाही, वाजले किती ते लिहा. दारू थांबली की हात थरथरणं, घाम सहा-आठ तासांत सुरू होतं. फिट आली तर बहुधा पहिल्या दोन दिवसांत. आणि दोन ते चार दिवसांच्या दरम्यान डेलिरियमचा धोका असतो, म्हणजे दिवसा शहाण्यासारखा बोलणारा माणूस रात्री भिंतीवरच्या नसलेल्या मुंग्या झाडायला लागतो. ती मेडिकल इमर्जन्सी आहे, समुपदेशन नाही. ड्यूटीवरच्या डॉक्टरला तुमच्या कागदावरची ती वेळ लागते. पूर्वी फिट आली होती का, हेही तिथेच विचारून ठेवा.

उपदेश करायचा मोह आवरा. दारू वाईट हे त्याला तुमच्यापेक्षा चांगलं ठाऊक आहे, यकृताचा रिपोर्ट त्याच्याच खिशात आहे. मिलर आणि रोलनिक यांची मोटिव्हेशनल इंटरव्ह्यूइंगची पद्धत (बदलाची इच्छा माणसाच्याच बोलण्यातून बाहेर काढायची) शिका, “का पिता?”ऐवजी “मध्ये चार महिने बंद होती म्हणालात, ते कसं जमलं?” असं विचारून बघा, माणूस खुर्चीत सरळ बसतो.

आता परीक्षेचं. आंतरराष्ट्रीय पातळीवर आयकॅप नावाचं प्रमाणपत्र आहे, कोलंबो प्लॅन या आशिया-पॅसिफिक देशांच्या संघटनेच्या प्रशिक्षणातून उभं राहिलेलं. ते सरकारी लायसन्स नव्हे, पण नोकरीत वजन पडतं. त्याचा पाया असलेल्या यूटीसी (युनिव्हर्सल ट्रीटमेंट करिक्युलम) अभ्यासक्रमाच्या मूळ आठ भागांत एक आख्खा भाग इनटेक, स्क्रीनिंग, मूल्यमापन, उपचार आराखडा आणि नोंदींवर आहे, एक नीतिमत्तेवर. म्हणजे तुम्ही फिल्डवर्कमध्ये कंटाळून लिहिता ते रेकॉर्डिंगच परीक्षेत येतं. अर्जाच्या वेळी शिक्षण, प्रशिक्षणाचे तास आणि पर्यवेक्षणाखालचा अनुभव यांचे पुरावे मागतात. शिवाय दिल्लीची राष्ट्रीय समाज रक्षा संस्था, एनआयएसडी, केंद्रांतल्या कर्मचाऱ्यांसाठी प्रशिक्षण घेते. नोकरी लागली की नाव द्या.

तर आजपासून एक वही ठेवा. तारीख, काय काम, किती तास, सुपरव्हायजरची सही. सही महिन्याच्या महिन्याला घ्या. सुपरव्हायजर नोकरी बदलतात, केंद्रं बंद पडतात, मग तीन वर्षांनी कुणाला शोधणार? वहीत रुग्णाचं नाव, गाव, नोकरीचं ठिकाण लिहू नका. तालुक्याच्या गावात ‘एसटीत कंडक्टर, दोन मुली’ एवढं पुरतं ओळखायला. वॉर्डातला सेल्फी तर स्टेटसला अजिबात नको, मागे कोण उभं आहे ते तुम्हाला दिसत नाही.

शेवटचं एक: ब्लॉक प्लेसमेंट महिनाभराचं, म्हणजे तुम्ही एकच बॅच पाहणार, आणि डिस्चार्जच्या दिवशी सगळेच बरे वाटतात. फॉलोअपचा वार कोणता ते विचारून घ्या आणि प्लेसमेंट संपल्यावरही त्या दिवशी जायची परवानगी मागा. बहुतेक केंद्रं देतात.