घरी गणित सुटते, टेस्टला काहून सुटत नाही?

प्रश्न : ताई, मी दारव्हा तालुक्यातल्या खेड्यातली, शाळा झेडपीची, आता बारावी सायन्स आणि क्लास यवतमाळले. घरी सीईटीचे जुने पेपर सोडवते तं मॅथचे ५० पैकी ३६-३७ बरोबर येतात पण क्लासच्या टेस्टले २५ च्या वर जात नाही. पहिल्याच आठवड्यात एक सर सगळ्यांसमोर म्हणले, खेड्यातल्या पोरी पाठांतरवाल्या, मॅथ त्यांचं काम नाही. तवापासून गणित अडलं की तेच ऐकू येते. मी खरंच कच्ची आहे का?

उत्तर : अगं कच्ची असती तर घरी ३६ कुठून आले असते? क्लासमध्ये गणित सोडवता सोडवता तू सरांना मनात उत्तरही देत बसतेस, आणि आकडे धरून ठेवायची डोक्यातली जागा तेवढीच असते, ती यातच भरून जाते. आपल्या गटावर मारलेला शिक्का आपण खरा ठरवू या भीतीनं असं होणं, याला स्टिरिओटाइप थ्रेट म्हणतात, अमेरिकेत क्लॉड स्टील आणि जोशुआ अ‍ॅरनसन या मानसशास्त्रज्ञांनी १९९५ मध्ये हे मांडलं. आपल्याकडे उत्तर प्रदेशातल्या खेड्यांत कार्ला हॉफ आणि प्रियंका पांडे या संशोधकांनी सहावी-सातवीच्या ६४२ पोरांना भुलभुलय्याची कोडी दिली. जात माहीत नव्हती तेव्हा सगळे जवळपास सारखे, पण बाप-आजाचं नाव आणि जात सगळ्यांसमोर वाचून दाखवली तर खालच्या म्हटल्या जाणाऱ्या जातींच्या पोरांची कोडी कमी सुटली. पोरं तशीच हुशार होती ना! हे वाचलं की मला अजून राग येतो. नंतरच्या काही मोठ्या अभ्यासांत, खासकरून पोरी आणि गणिताच्या, असा फरक दिसला नाही हेही खरं, म्हणून सगळा दोष यालाच देऊ नको, घरी घड्याळ लावून ९० मिनिटांत पेपर सोडवतेस का तेही बघ.

आता कर काय, तर टेस्टच्या आधी १० मिनिटं जे जे भ्या वाटते ते वहीत लिहून काढ, सरांचं वाक्यही लिही. शिकागोच्या संशोधकांनी २०११ मध्ये नववीच्या पोरांकडून बायोलॉजीच्या परीक्षेआधी असंच लिहून घेतलं होतं, जास्त घाबरणाऱ्यांना त्याचा फायदा झाला. सीईटीच्या दिवशी बॅग बाहेर ठेवायच्या आधी गेटजवळच लिही. आणि छाती धडधडली तं समज, आता डोक्यात ते वाक्य आलं, बस. गणित अडणं तर पुण्याच्या पोराचंही होते, तू ते सोडून पुढे जा, सीईटीले निगेटिव्ह मार्किंग नाही, शेवटची पाच मिनिटं राखून राहिलेल्या सगळ्यांवर क्लिक कर.