शाळेत सगळ्यांना एकच भाषा सक्तीची केली, तर देश एकसंध होतो का?

मी माध्यमिक शाळेत इतिहास शिकवतो आणि हा प्रश्न मला फार जवळचा आहे. माझं उत्तर 'नाही' असं आहे. कोणाची भाषा कोणाला शिकावी लागते, यावर सगळं अवलंबून असतं. श्रीलंकेचं उदाहरण बघा.

इंग्रजांच्या काळात तिथे चांगली नोकरी इंग्रजी शिकलेल्या मूठभरांनाच मिळे. म्हणून सिंहली आणि तमिळ शाळा वाढवा, ही मागणी अगदी रास्त होती. १९४४ मध्ये जे. आर. जयवर्धने या नेत्याने कायदेमंडळात तसा ठराव आणला. तो आधी फक्त सिंहलीपुरता होता, दुरुस्तीने त्यात तमिळही आली. पुढे सिंहली मुलं सिंहलीतून आणि तमिळ मुलं तमिळमधून शिकू लागली. मातृभाषेतून शिक्षण मिळालं, हे चांगलंच झालं. पण एकमेकांची भाषा शिकवायची तजवीज कोणी केली नाही, आणि दोघांना जोडणारी इंग्रजी मागे पडत गेली. एकाच गावातली दोन मुलं मोठी झाली तरी एकमेकांशी धड बोलू शकत नव्हती.

त्यात १९५६ चा कायदा आला. पंतप्रधान बंडारनायके यांच्या सरकारने बहुसंख्यांची सिंहली हीच एकमेव राजभाषा ठरवली. तमिळ शाळेत शिकलेल्या मुलाला सरकारी नोकरी हवी असेल, तर त्याने सिंहली शिकायची. सिंहली मुलाला तमिळ शिकायची गरज नाही. डाव्या पक्षाचे खासदार कॉल्विन डी सिल्वा यांनी तेव्हाच बजावलं होतं, की भाषा दोन ठेवल्या तर देश एक राहील, भाषा एक केली तर देश दोन होतील. १९७० च्या दशकाच्या सुरुवातीला तर वैद्यकीय आणि अभियांत्रिकी प्रवेशासाठी तमिळ माध्यमाच्या विद्यार्थ्यांना जास्त गुण लागू लागले. उत्तरेकडच्या तमिळबहुल जाफन्याच्या तरुणांच्या मनातून 'हा देश आपला' ही भावना गेली, ती माझ्या मते इथेच. पुढे सरकार आणि तमिळ बंडखोरांत यादवी युद्ध पेटलं. त्याची कारणं इतरही होती, पण १९८३ ते २००९ च्या त्या युद्धात लढलेली पिढी याच शाळांतून आली होती. तमिळला राजभाषेचा दर्जा मिळाला तो १९८७ च्या घटनादुरुस्तीने. आता तिथे सिंहली मुलांना तमिळ आणि तमिळ मुलांना सिंहली शिकवतात. हे तीस वर्षं आधी व्हायला हवं होतं!

इंडोनेशियाने वेगळी वाट धरली. तिथे सर्वांत मोठा समाज जावानी भाषकांचा. तरीही डच राजवटीत तिथल्या राष्ट्रवादी तरुणांनी घेतलेल्या १९२८ च्या युवक प्रतिज्ञेत ऐक्याची भाषा म्हणून मलयवर आधारलेली इंडोनेशियन निवडली गेली. ती फार थोड्यांची मातृभाषा होती, पण बंदरांत आणि बाजारात रुळलेली. त्यामुळे जावानी मुलालाही ती शाळेत शिकावीच लागली. कुणा एकाला आयता फायदा मिळाला नाही. किंमत मात्र मोजावी लागली: तिथल्या कितीतरी लहान भाषा आज घरातूनही निघून चालल्या आहेत.

आपल्याकडे २०२५ मध्ये पहिलीपासून हिंदीच्या शासन निर्णयावर जो वाद पेटला आणि जूनअखेर तो निर्णय मागे घ्यावा लागला, त्याकडेही मी याच नजरेने बघतो. हिंदी राज्यांतल्या शाळांत तिसरी भाषा म्हणून बहुधा संस्कृतच शिकवतात. मराठी किंवा तमिळ शिकणारं मूल तिथे शोधावं लागेल. दोन्हीकडच्या मुलांना सारखं ओझं देणार असाल, तर तिसऱ्या भाषेला माझा विरोध नाही. फक्त ती पहिलीत नको, जरा मोठ्या वर्गात आणा.