कोल्हापुरात छायाचित्रणकलेसाठी ना-नफा संस्था कशी काढायची? पहिल्या प्रदर्शनात काय सांभाळायचं?

किमान ७ सभासद लागतात. १८६० च्या संस्था नोंदणी कायद्याखाली नोंदणी झाली की १९५० च्या सार्वजनिक विश्वस्त व्यवस्था कायद्याखालीही धर्मादाय कार्यालयात नोंद करावी लागते. उद्देश नेमके लिहा: शिक्षण, प्रदर्शनं, जुन्या निगेटिव्हचं जतन. पुढे पदाधिकारी बदलले तर ९० दिवसांत बदल अर्ज द्या. बहुतेक मंडळं इथेच ढिली पडतात आणि मग बँकेत सह्यांवरून काम अडतं.

प्रदर्शनासाठी दसरा चौकातल्या शाहू स्मारक भवनाचं कलादालन सोयीचं. पण खरं लक्ष प्रिंटकडे द्या. १२×१८ इंचाला ३०० पीपीआयने (दर इंचाला ३०० पिक्सेल) ३६००×५४०० पिक्सेल लागतात; व्हॉट्सअ‍ॅपवरून आलेली फाईल घेऊच नका, मूळ मागा. आपल्याकडच्या पावसाळ्यात चारही कडांना डिंक लावलेला प्रिंट हमखास फुगतो, कारण ओलाव्याने कागद पसरतो आणि त्याला सरकायला जागा नसते. म्हणून फक्त वरच्या कडेला आम्लरहित कागदाच्या दोन पट्ट्यांनी टांगा. काच आणि प्रिंटमध्ये माउंटबोर्डची (जाड पुठ्ठ्याची) चौकट हवीच, नाहीतर दमटपणात प्रिंट काचेला चिकटतो आणि सोडवताना वरचा थर सोलून निघतो.